आत रोल होता

“हा कॅमेरा कोणाचा?” सरांनी विचारलं.

“माझा,” मी म्हणाले.

“तुझा?” ते हसले. मग ओसरीवरच्या बाकीच्यांकडे बघून म्हणाले, “हिचा आहे म्हणे.”

रविवारची सकाळ होती. डोळखांबच्या अलीकडचं एक फार्महाउस. मुंबई-ठाण्याहून आलेले दहा-बारा जण. हौस म्हणून जुन्या, रोलच्या कॅमेऱ्यांनी फोटो काढणारा ग्रुप. त्यांच्यातल्या एका मॅडमचा कॅमेरा सापडत नव्हता. नाश्त्याला होता, आता नव्हता. आणि तिथं मी होते. पाड्यावरची पोरगी, गळ्यात कॅमेरा अडकवून उभी.

“दे इकडे. बघतो,” सर म्हणाले. ग्रुप त्यांचा. सगळे त्यांना सर म्हणायचे, म्हणून मीही म्हणत होते.

मी दिला. दोन्ही हातांनी दिला.

त्या कॅमेऱ्याचं आधी सांगते.

मी वाशिंदला कंपनीत पॅकिंगला आहे. बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकले. शहापूरला बाजाराजवळ एक जुना फोटो स्टुडिओ होता, तो बंद व्हायला आला होता. मालकाला सगळे भाऊ म्हणतात. आईचा पासपोर्ट साइझ काढायला गेले, तर काचेच्या कपाटात जुने कॅमेरे धूळ खात पडलेले. मी बघत राहिले. भाऊंनी तीन काढून टेबलावर ठेवले.

पहिला प्लास्टिकचा, हलका. बटण दाबलं की झालं, बाकी सगळं तोच करणार. दुसरा देखणा, पण बॅटरी नसली तर मुका. तिसरा लोखंडासारखा जड, कडेचं काळं कातडं निघालेलं.

“याला बॅटरी नाय लागत,” भाऊ म्हणाले. “पन याला तूच सगळं सांगायचं. उजेड किती, लांब किती. चुकलीस तर तो चुकनार.”

मी तिसरा घेतला. दिवाळीच्या बोनसमधून.

कंपनीतल्या पोरी हसल्या. मोबाइल असताना हे कशाला? मी त्यांना नीट सांगू शकले नाही. आमच्या पाड्यावर सगळ्यांचे फोटो मोबाइलमध्ये होते आणि मोबाइल बिघडला की माणसं जायची. सोमीच्या नवऱ्याचा एक फोटो होता, तो तसाच गेला. नवरा त्याआधीच गेला होता. रोलचा फोटो निगेटिव्हमध्ये राहतो. हातात धरता येतो.

भाऊंनी शिकवलं. कडक ऊन असलं तर भिंगाभोवतीची कडी सोळावर ठेव. ढग आले तर आठवर. झाडाखाली पाच पॉइंट सहा. मी तळहातावर पेनानं लिहून घ्यायचे, कंपनीत हात धुताना पुसायचं, परत लिहायचे. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. त्यामुळं बटण दाबायच्या आधी माणसाकडं बघावं लागतं. नीट बघावं लागतं. मी आमची माणसं पहिल्यांदा तेव्हा बघितली.

दिवाळीनंतर पाडा रिकामा होतो. सगळे मुरबाडच्या बाजूला वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परत. जायच्या आधी मी ठरवलं, प्रत्येक घराचा एक फोटो काढायचा. एका घराचा एकच, म्हणजे रोल पुरेल.

गोमाकाका धुतलेली टोपी घालून आला. त्याचा फोटो म्हणजे फक्त आधार कार्डावरचा. त्यात तो पकडून आणल्यासारखा दिसतो. “सरळ बघू का बाजूला?” त्यानं विचारलं. चांगुणा बारा दिवसांचं बाळ घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. सोमी आणि तिची सासू. दोघींचं बोलणं बंद, तरी फोटोला एकमेकींना खेटून उभ्या. असे तेवीस झाले. सगळ्यांना सांगितलं होतं, फोटो हातात देईन. मग ते भट्टीवर गेले. रोलमध्ये तेरा उरले होते, म्हणून मी तो धुवायला दिला नाही. पुरवून वापरायचा होता.

तेवढ्यात मोबाइलवर त्या ग्रुपची जाहिरात दिसली. आमच्याच डोंगरात फिरणार होते. मी फॉर्म भरला. गाव विचारलं होतं तिथं पाड्याचं नाव लिहिलं नाही. शहापूर लिहिलं. का लिहिलं ते मला तेव्हाही माहीत होतं.

सकाळी जीपनं पोचले. फाटकाशी सरांनी मला वरून खाली बघितलं. “स्वयंपाकाला ना? मागच्या बाजूनं जा.”

मी फॉर्मवरचं नाव सांगितलं. त्यांनी यादी बघितली, परत मला बघितलं. “अच्छा. छान. लोकल टॅलेंट.” मग तासभर मी टेकडीवर दोन मॅडमच्या पिशव्या खांद्याला लावून चालले. कुणी जबरदस्ती केली नाही. त्यांनी हात पुढे केला, मी पिशवी घेतली. एवढंच.

आणि मग तो कॅमेरा हरवला.

सरांनी माझा कॅमेरा उलटा केला, खालचा नंबर बघितला. त्यावरून काही कळेना. कॅमेरा हरवलेल्या मॅडम म्हणाल्या, “माझा पण असाच आहे. माझ्याच्या झाकणाला आतून नावाचा स्टिकर आहे.”

सरांचं बोट कडेच्या खटक्यावर गेलं.

“उघडू नका,” मी म्हणाले. “आत रोल आहे.”

“एक सेकंद लागेल.”

“सर, आत फोटो आहेत. तेवीस झालेत. वर आकडा बघा.”

त्यांनी आकडा बघितला. मी बघितलं त्यांना बघताना. उजेड लागला की रोलवरचे फोटो जातात, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. तेच तर ते शिकवत होते.

खट्.

झाकण उघडलं. दहा वाजताचं ऊन ओसरीपर्यंत आलेलं. आतली फिल्म राखाडी, चकचकीत, उघडी पडली. स्टिकर नव्हता. ते वाकून वाकून बघत होते. दुसऱ्या एकानं मान घातली. मी हात पुढं केलेला, तसाच हवेत.

“नाही आहे,” सर म्हणाले आणि झाकण लावून कॅमेरा परत दिला. “ओके. क्लिअर.”

एका मुलीनं खाली बघितलं. ती मला अजून आठवते. तिला कळलं होतं. पण खाली बघण्यापलीकडं तिनं काही केलं नाही.

पंधरा मिनिटांनी मॅडमचा कॅमेरा त्यांच्याच गाडीत सापडला. सीटवर, जॅकेटखाली. सगळे हसले. मॅडम म्हणाल्या, “सो सिली ऑफ मी!” कुणीतरी चहा सांगितला.

सर माझ्याकडं आले. खिशातून नवा रोल काढला. “हे घे. त्यापेक्षा चांगला आहे. रागावू नकोस.” मग मागं सरकून स्वतःचा कॅमेरा डोळ्याला लावला. “थांब, तशीच थांब. काय चेहरा आहे! त्या भिंतीला टेक जरा. नॅचरल.”

मी भिंतीकडं एक पाऊल टाकलं. खरंच टाकलं. हातानं आधी कॅमेरा दिला होता, आता पायही निघाले होते. कुणी सांगितलं की आमचं अंग आधी हलतं, डोकं मागून येतं. त्या एका पावलावर मला हे कळलं आणि माझीच मला शिसारी आली.

मी थांबले.

“नाय,” मी म्हणाले.

सकाळपासून मी त्यांच्यासमोर जपून ‘नाही’ बोलत होते. तोंडातून निघालं ते ‘नाय’.

“काय?”

“माझा फोटो काढायचा नाय. तुमचा रोल नको. तुमी सगळ्यांसमोर इचारलंत ना, कॅमेरा कोनाचा? आता सगळ्यांसमोर सांगा.”

“अगं, मिसअंडरस्टँडिंग झालं. आय ॲम सॉरी. झालं?”

“मराठीत. आनि कॅमेरा कोनाचा ते.”

चहाचे कप वाजायचे थांबले. सरांचे कान लाल झाले. “हे जरा जास्त होतंय,” ते म्हणाले. मी हलले नाही. 

“कॅमेरा तिचा आहे,” ते शेवटी म्हणाले. माझ्याकडं न बघता. “माझी चूक झाली.”

खांद्यावरच्या त्या दोन मॅडमच्या पिशव्या मी ओसरीवर ठेवल्या आणि निघाले. रस्त्याला लागल्यावर रडले. जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. कसं वाटेल?

भाऊंनी रोल धुतला. ऊन लागलेली फिल्म काळी होते. काढलेले सगळे फोटो काळे. वाचले ते डबीत गुंडाळलेले पुढचे तेरा, जे मी काढलेच नव्हते. भाऊंनी ती पट्टी दिव्यासमोर धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

पुढच्या सुट्टीला मी मुरबाडच्या पुढं भट्टीवर गेले. मोबाइलवरून सांगता आलं असतं. सांगितलं नाही. समोर उभं राहून सगळ्यांना सांगितलं, फोटो गेले, कसे गेले. चांगुणा साच्यात चिखल थापत होती. ती थापतच राहिली. बाळ बाजूला गोणपाटावर, मान धरायला लागलेलं. ते आता परत बारा दिवसांचं होणार नव्हतं.

गोमाकाकानं हातावरची माती झाडली. “त्यानं मागितला,” तो म्हणाला. “पन तू दिलास कशाला गो?”

कुणीतरी म्हणालं, जाऊ दे, पोरीची काय चूक. गोमाकाका म्हणाला, “चूक नाय म्हनत मी. इचारतो.”

त्यानं बरोबर विचारलं होतं. म्हणून मी हे लिहितेय. मी दिला, कारण आईनं दिलं होतं, तिच्या आईनं दिलं होतं. रानातली लाकडं मागितली, दिली. कोयता मागितला, दिला. अंगठा मागितला, दिला. समोरचा नीट कपड्यातला असला की आमचे हात आपोआप पुढं होतात.

माझे होणार नाहीत. साहेबानं मागू दे, पोलिसानं मागू दे, सगळ्या गावासमोर चोर म्हणू दे. कागद विचारा, दाखवीन. नाव विचारा, पाड्यासकट सांगीन. पण माझ्या हातातलं माझ्या हातात राहील आणि ते उघडायचं कधी, ते मी ठरवीन.