काझीसरांची राखीव जागा

स्टाफरूममधले किस्से खडूच्या धुळीसारखे. कितीही झटका, घरी जाईपर्यंत अंगावर असतातच! त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी साली मी घाटकोपरच्या एका शाळेत गणित शिकवायचो. माझ्याकडचे निम्मे किस्से इतिहासाच्या काझीसरांचे. मूळचे चिपळूणकडचे, बोलायला फटकळ आणि स्टाफमध्ये मुसलमान एकटेच. त्यामुळे हेडमास्तरांनी त्यांना न विचारताच प्रतिनिधी करून टाकलं होतं.

*

ईदच्या आदल्या संध्याकाळी हेडमास्तर विचारायचे, "काझी, चंद्र दिसला का हो तुमच्यात? नोटीस काढायचीय."

"चंद्र सगळ्यांचाच आहे, सर. तुम्हीच जा की गच्चीवर!"

एकदा हेडमास्तर खरंच गेले. आभाळ भरलेलं. खाली येऊन म्हणाले, "आमच्यात नाही दिसला बुवा!"

*

पवईची पिकनिक ठरली. "काझी, तुमच्या लोकांना जेवायला काय चालेल?"

"माझे लोक म्हणजे मी एकटाच. मला श्रीखंड चालेल."

तरी हेडमास्तरांनी त्यांच्या मानासाठी बिर्याणी मागवली! आम्ही ती हाणली. काझीसरांना डॉक्टरांनी तेलकट बंद केलेलं, ते बिचारे केळी खात बसले.

*

नववीला धडा होता. गर्दीत आपला आवाज बुडेल म्हणून मुसलमान पुढाऱ्यांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले, इंग्रजांनी खुशीत दिले. मुसलमान उमेदवाराला मतं फक्त मुसलमानांची. पोरांना कळेना.

"ओके," काझीसर म्हणाले. "खिडकीकडच्या बाकांचा मॉनिटर वेगळा. मतं फक्त खिडकीवाल्यांची!"

खिडकीवाल्यांनी वर्गातलं सगळ्यात वांड कार्टं निवडलं. बाकीच्यांची मतं मागायचीच नव्हती ना! आठवड्याभरात दारवाल्यांना खिडकीतून बघायची बंदी झाली. मग पंख्याखालच्यांनीही वेगळा मॉनिटर मागितला.

"सर, यात इंग्रज कोण?" एकाने विचारलं.

काझीसरांनी आपल्या खुर्चीकडे बघितलं आणि तास सोडून दिला!

*

मग स्टाफ सेक्रेटरीची निवडणूक आली. काम काय, तर चहा, पिकनिक आणि निरोपसमारंभ. काझीसर म्हणाले, "मी उभा राहतोय."

हेडमास्तर दचकले. "कशाला त्रास? स्टाफ कमिटीवर तुमची जागा ठेवलीय की. बिनविरोध!"

"नको, सर. सगळ्यांनी मत देऊन निवडलेलं हवंय मला. एकदा तरी."  

प्रचारात त्यांनी एकच घोषणा केली. "लेट येणाऱ्यांचा चहा बंद!"

आपटले. दणकून! निकालानंतर चेहरा एवढासा करून कोपऱ्यात बसले. मला फार वाईट वाटलं. शेवटी त्यांनी सावंतबाईंना गाठलं. "बाई, खरं सांगा. मला मत का नाही दिलंत?"

"का म्हणजे? पोरांना सोडून मी मुलुंडहून धावत येते, आणि तुम्ही माझा चहा बंद करणार?"

"फक्त चहामुळे?"

"चहा काय 'फक्त' असतो होय!"

ते माझ्याकडे वळले. "चहाच," मी म्हणालो. मराठीचे कदमसर म्हणाले, "चहाच यार, दुसरं काय?"

काझीसर उठले. शिपायाला पिटाळून पेढे मागवले आणि स्वतः वाटत सुटले!

तेवढ्यात हेडमास्तर सांत्वनाला आले. "काझी, मनाला लावून घेऊ नका. कमिटीवर तुमची ती जागा अजून..."

काझीसरांनी त्यांच्या उघड्या तोंडात पेढा कोंबला.