थांबा, पुन्हा मोजतो!

एक्स-रेच्या खोलीत किरणं साठून राहत नाहीत. बटण सोडलं की संपली. साठतात ते किस्से! भिवंडीतल्या एका छोट्या सेंटरमध्ये स्तनांच्या तपासणीचं, म्हणजे मॅमोग्राफीचं मशीन आहे. त्यातून बायकांना किरणांचा डोस गरजेपेक्षा जास्त जात नाही ना, हे मोजायला मी अधूनमधून जातो. भौतिकशास्त्रातली पीएचडी आहे, केस पिकले आहेत, पण स्वतःच्या आकड्यावर अजून विश्वास बसत नाही. त्यामुळे तिथलं माझं ठरलेलं वाक्य: "थांबा, पुन्हा मोजतो!"

कोन गावच्या पार्वतीमावशी तिथे बायकांना गाऊन देतात, धीर देतात. एकदा टेक्निशियन फरझानाने मला बाजूला घेतलं.

"सर, मावशींना छातीत गाठ लागतेय. पण मशीनजवळ यायला तयार नाहीत."

"का?"

"तुमच्यामुळे!"

मावशी मागेच उभ्या होत्या. "ज्या मानसाचा सोताच्या मोजमापावर भरवसा न्हाय, त्याच्या मशीनम्होरं मी कशी उभी राहू?"

मी पुन्हा मोजायला घेतलं!

* * *

भीती मीच पसरवतोय की काय, या काळजीने मी वेटिंग हॉलमधल्या बायकांना समजावायचं ठरवलं. म्हटलं, "घाबरू नका. असा डोस जमिनीतून, आकाशातून आपल्याला तसाही मिळत असतो. काही आठवड्यांत मिळतो, तेवढाच इथे."

पूर्णा गावच्या एक आजी उठल्याच. "जमिनीतून फुकट मिलतो, त्याचं तुमी पैसं घेताव?"

मावशी पदराआड हसल्या. पण तपासणीला? न्हाय!

* * *

मोजणीसाठी मी एक प्लास्टिकचा ठोकळा नेतो. किरणांच्या दृष्टीने तो स्तनासारखाच. धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात तो मांडीवर घेऊन बसलो होतो. शेजारच्या पॉवरलूम कामगाराने विचारलं, "चाचा, ये क्या है?"

खोटं बोलता येत नाही, हा माझा जुना आजार. "औरत की छाती... मतलब, नकली!"

तो जरा लांब सरकून बसला. मग हळूच म्हणाला, "चाचा, इस उमर में?"

* * *

एक लूममालक पत्नीला घेऊन आले होते. मला गाठून म्हणाले, "साहेब, डोसचा रेट फिक्स आहे का? पहिल्यांदाच आलोय, काहीतरी कमी करा!"

मी गंभीरपणे सांगितलं, "फार कमी केला तर फोटो धुरकट येईल, मग परत काढावा लागेल. म्हणजे दुप्पट डोस."

"हां! सूत हलकं घेतलं की माल परत येतो, तसंच ना?"

त्यांच्या पत्नीने कपाळावर हात मारला. "वीस वर्षं मी हेच सांगतेय यांना! आज मशीनने पटवलं!"

* * *

एकदा बायकांच्या तपासणीच्या नोंदींत डोस जरा जास्त दिसू लागला. मी ठोकळ्यावर तीनदा मोजला, मशीन ठीक होतं. अखेर फरझाना पुटपुटली, "सर, मशीनच्या प्लेटखाली छाती दाबली की बायका कळवळतात. म्हणून मी जरा सैलच ठेवते."

मी तिला समजावलं, की नीट दाबलं तर कमी किरणांत काम होतं. तेवढ्यात आत जायला उठलेली बाई म्हणाली, "दीदी, कस के दबाओ! रोना है तो एक ही बार रोऊँगी!"

* * *

शेवटी सेंटरच्या डॉक्टरबाईंनी मावशींची समजूत काढायचं काम माझ्यावरच सोपवलं. मी बरंच बोललो. मावशींनी एकच अट घातली.

"माझ्याम्होरं मोजा. येकदाच! मंग त्ये मोजायचं यंत्र पिशवीत भरायचं नि पुन्हा हात लावायचा न्हाय."

एकदाच! मी घराचं कुलूपसुद्धा कधी एकदाच ओढून पाहिलेलं नाही!

मोजलं. आकडा मर्यादेच्या आत होता. बोट पुन्हा बटणाकडे निघालं. मावशी बघत होत्या. मी मीटर पिशवीत टाकला, चेन ओढली, पिशवी डॉक्टरबाईंच्या हवाली केली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

(गाठ पाण्याची निघाली. आत्ताच सांगून टाकतो, मलाच सस्पेन्स सोसत नाही.)

दार बंद झालं. मशीन घरघरलं, थांबलं. आतून फरझाना ओरडली, "झालं मावशी! सोडा श्वास!"

"मी सोडला गं! आधी भायेरच्या सायबांना सांग!"