बिननावाच्या कप्प्यात काय निघालं

गोंडपिपरीत आमच्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक प्रश्न नेहमीचा: "याच्यात काय आहे, जरा पाहून सांगा." कम्प्युटरला न ओळखू येणारं पार्टिशन, म्हणजे डिस्कमधला बिननावाचा कप्पा, उघडायचं काम माझं. आजवर माझ्या हातून कोणाचं काही पुसलं गेलेलं नाही. तरी हरवलेलं शोधणारा स्कॅन लावला की तो संपेपर्यंत मी खुर्चीवरून हलत नाही. किस्से मात्र डिस्कपेक्षा जास्त साठलेत.

*

एक कृषी केंद्रवाले भाऊ बंद पडलेला कम्प्युटर घेऊन आले. जागा वाढवायला त्यांनी एक बारका कप्पा उडवला होता. कम्प्युटर सुरू व्हायचा तो नेमका त्याच्यातूनच.

"पन त्याच्यात काहीच दिसत नव्हतं जी."

आमचे मालक नासिरभाई मान वर न करता म्हणाले, "घराच्या पायव्यात तरी काय दिसते भाऊ? खोदून फेकता का?"

*

घुग्घुसचे मिठाईवाले काका-काकू सीसीटीव्हीची डिस्क घेऊन आले. दुकानातले पेढे रोज कमी होत होते. काकूंना चोर पाहायचाच होता. काका मात्र "जाऊ दे ना, डिस्कच खराब असन" म्हणत राहिले.

मी उघडून दिलं. दुपारची वेळ, सामसूम दुकान, पेढ्यांचा ट्रे आणि काका. एक तोंडात, दुसरा तोंडात, तिसरा खिशात.

काकू शांतपणे म्हणाल्या, "चोर सापडला. उठा आता, शुगर तपासून येऊ."

*

मागच्या महिन्यात माझीच डिस्क रुसली. चिमीचं, म्हणजे माझ्या लेकीचं, अख्खं पहिलं वर्ष त्यात. दुसरी कॉपी नाही. लोकांना 'दोन कॉप्या ठेवा' सांगणारी ती मीच!

स्क्रीन विचारत होती, फॉरमॅट करून सगळं पुसायचं का? मी तीनदा माऊस हातात घेतला, तीनदा ठेवला. शेवटी नासिरभाईंनी माझी खुर्ची घेतली. "तुम्ही पाहूच नका बाई."

स्कॅन चाळीस टक्के. एकही फोटो नाही. मी पाण्याची बाटली झाकणासकट तोंडाला लावली.

मग फोटो यायला लागले. पहिलं पाऊल नाही, उष्टावण नाही. चिमीचा लंगोट. उघडलेला. मग दुसऱ्या दिवशीचा. मग तोच, जवळून. शीचा रंग जरा बदलला की डॉक्टरांना दाखवायला मी काढून ठेवायचे ना! मोठ्या स्क्रीनवर एकामागून एक, आणि समोर ऑनलाइन फॉर्म भरायला आलेलं बाकभर गिऱ्हाईक.

नासिरभाईंनी घसा खाकरला. "हे बी परत आनायचं का?"

"सगळं," मी म्हणाले.

बाकावरची एक म्हातारी उठली, पदर सावरत स्क्रीनजवळ आली आणि नीट निरखून म्हणाली, "येवढ्याचे फोटो काऊन काढले? चांगलंच तर आहे. पोरगी कोनाची?"

मी हात वर केला.