वासुदेवकाकांचं सहा वर्षांचं सोवळं

सुनीताताईंचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेतल्या नोव्हायच्या ऑफिसात गाडीच्या एका ब्रेकच्या डिझाइनवरून भांडत होतो. "बाबा गेले रे, सकाळचा चहा झाल्यावर," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "त्यांचा बॅलट यायचा राहिला..." वडील गेल्याच्या दिवशी मुलीला टपालानं येणारी मतपत्रिका आठवावी, असं ते घर.

वासुदेवकाका नागपूरच्या कोर्टातले निवृत्त बेंच क्लार्क. जन्मभर न्यायाधीशांपुढे फायली सरकवल्या, पण एकाच्याही घरचा चहा घेतला नाही. मुलीकडे येऊन २००२ साली ते इथले नागरिक झाले आणि पहिल्याच निवडणुकीत त्यांना कळलं, की इथे अपील कोर्टाचे न्यायाधीश मतं मागतात. काका हबकलेच. एक न्यायाधीश तर आमच्या मंडळाच्या गणपतीला हजर. रिकाम्या जागेवर गव्हर्नरांनी नेमलेले, आता टिकायचं तर निवडून येणं भाग. नेमलंय ना, मग मतं कशाला, असं काकांनी मला तीनदा विचारलं. तरी लायब्ररीत बसून त्यांचे निकाल वाचले होते आणि माणूस मनापासून पसंत केला होता. नेमके तेच पंगतीत शेजारी येऊन बसले, आणि काकांनी भिडेपोटी त्यांच्या मोदकावर तूप वाढलं. झालं!

मतदानाला मीच त्यांना नेलं. मला मताधिकार नव्हता, गाडी होती. काका चेहरा पाडून बाहेर आले. मतपत्रिकेवर त्या न्यायाधीशांचीच जागा कोरी सोडली म्हणाले. ज्याच्याशी खाण्यापिण्याचा संबंध आला त्याचा निवाडा करायचा नाही, हा नियम न्यायाधीशाला, मतदाराला नाही, असं मी समजावून पाहिलं.

"मतपत्रिका हातात असते तेवढा वेळ न्यायाधीश मीच," काका म्हणाले.

साहेब निवडून आले, सहा वर्षांसाठी. काकांनी हिशेब केला, की तेवढी वर्षं सोवळं पाळलं तर पुढच्या खेपेला मत देता येईल. साहेब दर गणपतीला यायचे आणि काका ताट घेऊन माझ्या गाडीत जेवायला बसायचे. एकदा साहेब पार्किंगमध्ये शोधत आले, तर काकांनी चक्क काच वर केली. मला हसू आवरेना, तर माझ्यावरच डाफरले. आणि यंदा, मतपत्रिका यायला आठवडा असताना, गेले. मला त्यांचा फार राग आला.

तेराव्याला साहेब आले, माझ्या शेजारी बसले. हळूच म्हणाले, तुमच्या काकांना मी कधीच का आवडलो नाही? म्हटलं, आवडायचात, म्हणूनच. त्यांना काय कळलं, देव जाणे. तेवढ्यात ताई श्रीखंड घेऊन आल्या. मी याच उन्हाळ्यात नागरिक झालोय, आता मलाही मत आहे. ताट बाजूला सारलं.

"अरे, तुला आवडतं ना?"

"पोट बिघडलंय," मी म्हटलं आणि उपाशी घरी आलो. चार आठवड्यांनी आयुष्यातलं पहिलं मत साहेबांना दिलं.