चौकशीबाईंचं काळीज

गल्लीत टपाल वाटणाऱ्या बाईंना सगळे चौकशीबाई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. चार मजली इमारतीत त्या प्रत्येक मजल्यावर थांबायच्या, कठड्याला टेकायच्या आणि विचारायच्या, "मग? सुनेचं काय?" एवढ्यावर समोरचं माणूस जे सुटायचं, ते आवरता आवरायचं नाही. तेवढ्यात बाईंचा दम परत यायचा. भोचक म्हणून नाव झालं, पण खरी गोम कोणाच्या बापाला कळली नाही. खुद्द बाईंनाही नाही! त्यांना वाटे, जिना चढला की सगळ्यांच्याच छातीत असा ढोल वाजतो.

लहानपणी त्यांच्या हृदयातलं भोक शिवलं होतं, अरुंद झडप मोकळी केली होती. दरवर्षी दाखवायला आणा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण पोरगी उड्या मारू लागली आणि घरच्यांनी तो विषयच गुंडाळून ठेवला.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सताईंचं लक्ष सुनेची गाऱ्हाणी सांगता सांगता बाईंच्या सुजलेल्या पायांकडे गेलं. त्यांनी मनगटच धरलं. नाडी वाटेल तशी उधळली होती.

"आजच्या आज डॉक्टर गाठा."

"अहो, माझं भोक केव्हाच शिवलंय!"

"शिवलं म्हणजे संपलं असं कोण म्हणालं?"

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जुनी झडप पार गळकी झालीय, हृदय फुगलंय. नवी बसवली नाही, तर एक दिवस जिन्यातच आडव्या व्हाल. बाईंनी एवढंच विचारलं, "नंतर जिने चढता येतील ना?" आणि त्या भीतीनं ढसाढसा रडल्या.

नवी झडप बसली. काही महिन्यांनी बाई पुन्हा कामावर आल्या. पहिला मजला, दुसरा, तिसरा... बोलबोलता चौथा! सवयीनं कठड्याला टेकून दम परत यायची वाट बघू लागल्या. दम लागलाच नव्हता. छातीवर हात ठेवला, तर आत सगळी सामसूम. बाईंची पाचावर धारण बसली. पिशवी तिथेच टाकून त्या खाली धावल्या आणि नर्सताईंच्या दारावर थापा मारू लागल्या.

"ताई, बंद पडलं हो!"

नर्सताईंनी नाडी पाहिली. "छान चाललंय की."

"मग कळत का नाही?"

"अहो, धड असलं की कळतच नाही."

बाई उंबऱ्यातच बसल्या. "सगळ्यांचं असंच असतं?"

"सगळ्यांचं."

बाईंना इतका आनंद झाला की हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. मग साऱ्या जिन्याला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "मेल्यांनो, एवढं सुख होतं, आणि एकानंही सांगितलं नाहीत!"