लाल गाडीला जाड हार

आमच्या शेजारच्या काकांची जुनी लाल स्पोर्ट्स कार हल्ली पैठण रोडवर दरवेळी उकळते. काकांनी मोठा रेडिएटर टाकला, दुसरा पंखा लावला, तरी तेच. वर बोनेट थोपटत म्हणतात, "लई तापट हाय, माझ्यासारखी."

परवा काकू म्हणाल्या, "आज उकळली तर मी एसटीनं परत येईन, अन् पुन्हा हिच्यात बसणार नाय."

तेव्हा माझं लक्ष गेलं, दसऱ्याचा झेंडूचा जाड हार अजून पुढच्या जाळीवरच होता. रेडिएटरला वारा लागणार कुठून? मी तो गुपचूप काढला.

गाडी पैठणला जाऊन आली, तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेलाच नाही. काकू हसत उतरल्या.

"बघ, दसऱ्याची पूजा पावली," म्हणत काकांनी त्याच जाळीवर दुप्पट जाड हार चढवला.