तिसऱ्या गाण्यातला हात

अजय गेल्याचा रिकचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून आमच्या नव्या अल्बमची गाणी ऐकत होतो, आणि खुशीत होतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेला दीड महिना तेच मनाला टोचत आहे. रिक म्हणजे आमच्या डेथ मेटल बँडचा गिटारवाला. अजय हा त्याच बँडचा पहिल्यापासूनचा ड्रमर, जवळजवळ वीस वर्षं. (अजय हे त्याचं खरं नाव नाही, का, ते पुढे कळेल.) आणि मी जे ऐकत होतो त्यातले ड्रम्स त्याचे नव्हते, माझे होते.

मी नागपूरहून इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेला आलो त्या वर्षी मंडळाच्या गणपतीत आरतीला ढोलकी वाजवत होतो. माझ्या मागे कवटीचं चित्र असलेला काळा टी-शर्ट घालून एक उंच माणूस उभा, तोच अजय. आजूबाजूच्या बायका मुलांना हळूच आपल्याकडे ओढून घेत होत्या. आरती संपल्यावर तो म्हणाला, "तू मेटल ऐकतोस ना? हात सांगतो, यार." कॉलेजच्या बँडमध्ये मी ड्रम्स वाजवायचो, हे त्याने ढोलकीवरून ओळखलं. त्याच रात्री तो मला त्याच्या घरी, तळघरात घेऊन गेला. डेथ मेटल ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना काय सांगू... गायक पोटातून गुरगुरतो, गिटार करकरतात आणि ड्रमरचे हातपाय इतके भराभर चालतात की कोणता कुठे पडतोय ते कळत नाही. अजयची आई, आमच्या काकू, त्याला 'गिरणी' म्हणायच्या. "गिरणी बंद झाली की वर या, पोळ्या गार होतात," अशी हाक जिन्यावरून यायची. नावं ठेवायच्या, पण कुठल्या गाण्यात कुठे काय वाजतं ते त्यांना पाठ होतं. वडील लवकर गेलेले, घरात दोघंच.

गेल्या वर्षी अजयला कॅन्सर निघाला. औषधांनी बोटं बधिर झाली, ड्रमची काठी धरवेना. अल्बम अर्धवट अडकला. "तू वाजव," तोच म्हणाला. मी नाही म्हणालो, पुन्हा नाही म्हणालो... पण खरं सांगायचं तर आतून उकळ्या फुटत होत्या. असला बँड, आणि त्याची खुर्ची मला! मित्राच्या दुखण्यावर आपलं नशीब उघडावं आणि आपल्याला बरं वाटावं, याला काय म्हणायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

दर शनिवारी मी त्याला घ्यायला जायचो आणि आम्ही रिकच्या गॅरेजमध्ये रेकॉर्डिंगला जायचो. तो गादीच्या खुर्चीत, पांघरूण घेऊन. लहानपणी रविवारच्या क्लासला तबला शिकला होता, तेच त्याने आमच्या कामाला लावलं. माझे पाय अडखळले की म्हणायचा, "Don't count, यार. बोल म्हण." आणि क्षीण आवाजात सुरू करायचा... धिरधिर किटतक, धिरधिर किटतक. रिक थक्क होऊन बघत राहायचा. त्या बोलांवर मी त्याच्यासारखा वाजवायला लागलो, इतका की एकदा तो ऐकता ऐकता रडला. परतताना गाडीत म्हणाला, "आईला वाटतंय मीच वाजवतोय. बोटं दुखतात, एवढंच सांगितलंय तिला. Let her. अल्बम आला की मी सांगतो तिला." अल्बम यायच्या आत तो गेला.

सीडी आली. आत अजयचा फोटो, मागे बारीक अक्षरांत माझं नाव. नव्या ड्रमरने जुन्या बँडमध्ये जीव ओतला, असं एका मासिकात छापून आलं. ते मी तीनतीनदा वाचलं आणि दर वेळी स्वतःची लाज वाटली. काकूंना सगळं सांगायचं ठरवूनच सीडी घेऊन गेलो होतो. पण त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या प्लेअरमध्ये लावली. थोडं ऐकून म्हणाल्या, "शेवटपर्यंत ताकद होती बघ त्याच्यात." माझं नाव असलेली बाजू खाली करून मी कव्हर टेबलावर ठेवलं. त्यांच्याकडे वर्तमानपत्राची ही पुरवणी येत नाही, याची चौकशी करूनच, आणि तरीही त्याचं नाव बदलून, आज हे लिहितो आहे. यातही माझा भित्रेपणाच आहे.

शनिवारी मी अजून काकूंकडे जातो. त्या पोळ्या लाटतात, सीडी चालू असते. तिसऱ्या गाण्यात एका जागी माझा डावा हात किंचित मागे पडला आहे. कोणाच्या लक्षात येणार नाही म्हणून रिकने तसंच ठेवलं. परवा ती जागा आली आणि काकूंचं लाटणं थांबलं. पिठाच्या हाताने त्यांनी आवाज जरा कमी केला.

"इथे हात दुखला असणार रे त्याचा," त्या म्हणाल्या.

मी डावा हात टेबलाखाली घेतला आणि म्हणालो, "हो, काकू."